बर्नडीनची हजेरीवही

बर्नडीन गोराल्स्कीच्या वहीत माझा नंबर तीन. गेली तेहतीस वर्षं तीनच. तो मला काही कर्तृत्वाने मिळाला नाही. आधीचा तीन नंबर अ‍ॅरिझोनाला राहायला गेला, आणि एक्क्याण्णव सालच्या ऑक्टोबरात रांगेत गरम कॉफीचा थर्मास फक्त माझ्याकडे होता. बर्नीने दोन कप रिचवले, मला खालून वर न्याहाळलं, काळ्या मार्करने माझ्या हाताच्या पाठीवर ३ लिहिला आणि म्हणाली, "पुसलास तर परत काढून देणार नाही."

रांग टिन प्रीचर्सची. हा आमच्या टोलेडोचा बँड. चौऱ्याहत्तर साली लॅग्रेंज स्ट्रीटवरच्या एका गॅरेजात सुरू झाला आणि शेजाऱ्यांनी दोनदा पोलीस बोलावूनही बंद पडला नाही. पुढे ही मंडळी देशभर फिरली, परदेशात गेली, पण ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार त्यांनी कायम आमच्यासाठी राखून ठेवला. नदीकाठच्या जुन्या हॉलमध्ये. तिथे पुढच्या भागात खुर्च्या नाहीत. स्टेजसमोर लोखंडी कठडा आहे, आणि जो आधी आत शिरेल त्याला कठडा मिळतो. दारं उघडतात संध्याकाळी सहाला. आम्ही सकाळी सातपासून भिंतीला पाठ लावून उभे असतो. माझ्या मुलाच्या मते हे वेड आहे. त्याने मासे पकडायला काढलेले दिवस मी कधी मोजले नाहीत, पण ते असो.

एवढ्या माणसांत भांडणं होऊ नयेत म्हणून वही. जुन्यांचे नंबर कायमचे, नवे मागे. नऊ, बारा आणि तीन वाजता अशी तीनदा हजेरी. हजेरीच्या वेळी बर्नी रांगेतून बाहेर येऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहायची. तिच्या पाठीमागे गाड्या लावायचं मोकळं आवार आणि त्याच्यापलीकडे मॉमी नदी. नंबर पुकारला की 'हजर' म्हणायचं, आणि ज्याचं त्यानेच म्हणायचं. दुसऱ्यासाठी 'हजर' म्हणण्यासारखं पाप आमच्या रांगेत नाही. डेटनच्या लॉइडने एकदा लघवीला गेलेल्या मेव्हण्याच्या नावाने 'हजर' म्हटलं. बर्नीने दोघांनाही रांगेच्या शेवटी पाठवलं. लॉइड सहा फूट तीन इंच, तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, पण त्या दिवशी अगदी रडकुंडीला आला होता. पुढच्या वर्षी तिने त्याला त्याचा चार नंबर परत दिला. मेव्हण्याला नाही दिला.

बर्नी काचेच्या कारखान्यात तपासणीला होती. मोटारींच्या पुढच्या काचा पांढऱ्या उजेडासमोरून सरकत जायच्या, आणि कुठे बुडबुडा किंवा केसाएवढी रेघ दिसली की ही तिथे मेणखडूने फुली मारायची. एकतीस वर्षं हेच केलं. असल्या बाईला माणसांतले दोष दिसायचे राहतात होय? माझ्या कोंबडीच्या पाप्रिकाश रश्श्यात मीठ जास्त, लॉइडची चेन अर्धी उघडी, नव्या ढोलवाल्याचा डावा हात आळशी. मी शाळेच्या खानावळीत रोज चारशे पोरांना जेवू घालणारी बाई, माझंही तोंड काही कमी नाही. आमचं जमलं ते त्यामुळेच.

बँडवरून मात्र तिला कुणी काही बोललेलं चालायचं नाही. गाणारा वेस हॉलिस सत्तरीकडे झुकला तसा त्याचा आवाज खाली उतरला. नदीचं गाणं म्हणून त्यांचं एक गाणं आहे, त्याच्या शेवटच्या ओळीत तो पूर्वी असा काही वर जायचा की अंगावर काटा यायचा. दोन हजार अकरापासून त्याने वर जाणं सोडलं. ती ओळ तो खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो. एकदा रांगेतला एक नवा माणूस म्हणाला, "म्हाताऱ्याने आता थांबावं. आवाज गेला त्याचा."

"गेला नाही, वयात आला," बर्नी म्हणाली. "तुला वरचा सूर पाहिजे ना? मग घरी जा, रेकॉर्ड लाव. तिथे तो जन्मभर सत्तावीस वर्षांचाच आहे. इथे काय घ्यायला आलास?"

"अहो बाई, मी नुसतं म्हटलं."

"नुसतं म्हणायचं असेल तर मागे जाऊन म्हण. जिवंत माणसाचा आवाज पिकतो. माझा पिकला, हिचा तर बघ, भांड्यात खडे हलवल्यासारखा झालाय. आम्ही त्याच्याबरोबर म्हाताऱ्या झालो, तो आमच्याबरोबर झाला. उपकार आहेत त्याचे."

भांड्यातले खडे म्हणजे मी. मी त्या माणसाला कॉफी दिली नाही.

आता दोन नंबरचं सांगते.

आमच्या रांगेत दारापाशी बर्नी, मग एका माणसाची मोकळी जागा, मग मी. मला पहिल्याच वर्षी बजावलेलं होतं, पुढे सरकायचं नाही. हजेरीत बर्नी म्हणायची, "एक, मी हजर. दोन." मग थांबायची. पाच आकडे मोजले जातील एवढा वेळ. वारा असायचा, लांबून पुलावरचे ट्रक ऐकू यायचे. मग ती वहीत काहीतरी लिहायची आणि म्हणायची, "तीन." सात वर्षं मी काही विचारलं नाही. अठ्ठ्याण्णव साली परतताना गाडीत तिने आपणहून सांगितलं.

दोन नंबर तिची धाकटी बहीण लुसिल. शहाऐंशीच्या ऑक्टोबरात दोघी रांगेत होत्या. लुसिल तेवीस वर्षांची, घरी आजीजवळ तिची दोन वर्षांची मुलगी टेस. तीनच्या हजेरीच्या जरा आधी लुसिल म्हणाली, "बर्नी, बोटं बधीर झाली गं. गाडीतले हातमोजे घेऊन येते. माझा नंबर सांभाळ." गाडी तीनशे पावलांवर होती. बर्नीने हजेरी घेतली. दोन म्हटलं, उत्तर नाही. आता येईलच म्हणून तिने त्या नावापुढे लिहिलं, 'येतेय'.

हातमोजे गाडीच्या टपावर सापडले, एकावर एक नीट ठेवलेले. गाडी कुलूपबंद. भर दुपारचे तीन, आवारात चाळीस-पन्नास माणसं, आणि कुणी काही पाहिलं नाही. पोलीस म्हणाले, पळून गेली असेल, बँडवाल्यांच्या नादाला लागलेल्या पोरी अशाच जातात. बर्नीने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुला खरं सांगू? मी सहाला आत गेले, जोआन. वाटलं ती थेट कठड्याशीच येईल. तिची जागा धरून उभी राहिले. चार गाणी झाल्यावर बाहेर येऊन शोधायला लागले. चार गाणी."  मी गाडी चालवत राहिले.

टेसला बर्नीनेच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, घर बदललं नाही, टेलिफोनचा नंबर बदलला नाही. आणि दर ऑक्टोबरला वहीत दोन नंबरपुढे 'येतेय'. जन्मभर फुल्या मारणाऱ्या या बाईला एक नाव खोडता येत नव्हतं. मला याचा राग यायचा. मी तिला तोंडावर म्हणायची, "अगं, किती वर्षं? ती गेली. खोड ते नाव आणि मोकळी हो, पोरीलाही मोकळी कर." बर्नी म्हणायची, "तू कॉफी ओत."

त्या मोकळ्या जागेबद्दल रांगेत नाही नाही ते बोललं जायचं. मी कधी मानलं नाही, पण घडलं ते घडलं. एका वर्षी इंडियानाहून आलेल्या एका गृहस्थाने, कुणी अडवायच्या आत, तिथे घडीची खुर्ची मांडली. दहा मिनिटांनी वळून मला म्हणाला, "बाई, जरा लांब उभ्या राहता का? मानेवर श्वास लागतोय." मी चार पावलं मागे झाकण उघडून कॉफी ओतत होते. तो माझ्याकडे बघत राहिला, मग मुकाट्याने खुर्ची उचलून मागे गेला. भिंतीत वर हॉलच्या स्वयंपाकघराचा पंखा आहे, त्याची हवा असणार, असं मी सगळ्यांना सांगितलं.

आणि एकदा फोर्ट वेनला. आम्ही बँडमागे तिकडेही गेलो होतो. आत कठड्याशी बर्नी, मग ती जागा, मग मी. मागून हजार माणसं रेटतायत आणि ती हातभर जागा तशीच. तिथला रखवालदार बर्नीला म्हणाला, "आजी, तुमच्या शेजारच्या मुलीला सांगा, कठड्यावर पाय देऊन उभं राहू नको म्हणावं." मी तेव्हा पन्नाशीच्या घरात होते. मुलगी म्हटल्याचा मला आनंदच झाला. माझे दोन्ही पाय जमिनीवर होते, हे घरी परतल्यावर लक्षात आलं.

वेसलाही ती जागा माहीत होती. स्टेजवरून दरवर्षी तिकडे बोट दाखवून म्हणायचा, "टोलेडो, तुझा पुढचा दात कधी बसवणार?" लोक हसायचे. बर्नीही हसायची.

गेल्या वसंतात बँडने जाहीर केलं, हा ऑक्टोबर शेवटचा. वेस शहात्तरचा झाला होता, गिटारवाला पीट गुडघ्यांमुळे स्टुलावर बसून वाजवायचा. आम्हाला वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. धक्का बर्नीला बसला. जिथे बहिणीने परत यायचं होतं ती रांगच संपणार होती.

टेसने तेव्हाच तिला गाठलं. टेस आता चाळिशीची, दाताच्या दवाखान्यात काम करते, शांत बाई. तिला बँडचं नावही नको असायचं. ती एवढंच म्हणाली, "बर्नी मावशी, मला आईच्या नावाचा दगड हवाय. आजी-आजोबांशेजारी. मला कुठेतरी फुलं ठेवायची आहेत." कबरस्तानातली जागा बर्नीच्या नावावर होती. तिच्या सहीशिवाय दगड बसणार नव्हता. मृत्यूचं साल टेसने कोरं ठेवलं होतं, कारण कुणाला माहीत होतं?

 आठवडाभराने बर्नीने मला फोन केला. "शेवटच्या दिवशी तीनची हजेरी घेईन. ती आली नाही तर नाव खोडीन आणि सही करीन. झालं तुझं समाधान?"

"माझ्या समाधानाचं काय त्यात?"

"पंचवीस-सव्वीस वर्षं कानीकपाळी ओरडतेयस ना." आणि फोन ठेवला.

शेवटच्या शनिवारी आभाळ स्वच्छ होतं. वारा शहराबाहेरच्या मोठ्या सरोवराकडून, कोरडा आणि बोचरा. रांग कोपऱ्यावरून वळून पुलापर्यंत गेली होती. कुणी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्या, आणल्या होत्या, कुणी सॉसेजं, कुणी जुने टी-शर्ट घालून आले होते ते पोटावर बसत नव्हते. नऊच्या आणि बाराच्या हजेरीला बर्नीने नेहमीसारखं दोन म्हटलं, थांबली, लिहिलं. अडीचला टेस आली. आयुष्यात पहिल्यांदा त्या रांगेपाशी आली. माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली, कोटाच्या खिशात दोन्ही हात.

"थंडी वाजतेय का गं?" मी विचारलं.

"नाही, जोआन मावशी."

"मग थरथरतेस कशाला?"

"तुम्हीपण थरथरताय," ती म्हणाली.

तीन वाजता बर्नी बाहेर येऊन आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. एका हातात वही, दुसऱ्यात तो जाड मार्कर. पेन नव्हतं, मार्कर होता. खोडायला म्हणून आणलेला. मागे आवारात गाड्यांच्या काचांवर ऊन चमकत होतं. आम्ही पुढचे दहा-पंधरा जण, ज्यांना सगळं माहीत होतं, एकदम गप्प झालो. ती शांतता मागे मागे पसरत गेली, आणि कोपऱ्यापलीकडे ज्यांना काहीच माहीत नव्हतं तेही गप्प झाले.

"एक, मी हजर," बर्नी म्हणाली. तिचा आवाज साधा होता. "दोन."

मी मनात मोजायला लागले. एक. दोन. बर्नीने मार्करचं टोपण काढलं. तीन. पुलावरून कुणी जात नव्हतं, वाराही पडल्यासारखा झाला होता. बर्नीचा चेहरा माझ्यासमोर होता. काच तपासताना तो कसा दिसत असेल ते मला तेव्हा कळलं. ती आमच्याकडे बघत नव्हती, आमच्यातून पलीकडे बघत होती. चार. तिचा ओठ हलला. मला एवढंच समजलं की ही आत्ता ते नाव खोडणार आणि उद्यापासून ही बाई जगायची थांबणार. माझा माझ्यावर ताबा राहिला नाही.

"हजर!" मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं. आमच्या रांगेतलं सगळ्यात मोठं पाप, तेही मेलेल्या माणसाच्या नावाने, आणि तिच्या मुलीशेजारी उभं राहून.  तीस वर्षांच्या ट्रकच्या घरघरीने लॉइडला अर्धंच ऐकू येतं, तो मागून म्हणाला, "अगं बायांनो, दोघी एकदम काय ओरडता?" मला वाटलं, बर्नीच्या 'दोन'ला आणि माझ्या 'हजर'ला म्हणतोय.

बर्नीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने वळूनही पाहिलं नाही. ताठ उभी होती, खांदे वर ओढलेले, पाठीत कुणी हात ठेवल्यावर माणूस आखडतं तशी.  मग तिने मार्करचं टोपण लावलं. कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"तीन," ती म्हणाली.

"हजर," मी म्हटलं. त्याच आवाजात. दुसरा आवाज आणणार कुठून? शेंबड्या पोरानेही मला पकडलं असतं.

टेसचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आता ही मला थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर मी खाल्ली असती. पण ती भिंतीपासून सुटली आणि माझ्यासमोरून, बर्नीसमोरून, गाड्यांच्या दिशेने चालायला लागली. एका गाडीपाशी थांबली, वाकून दोन गाड्यांच्या मधे पाहिलं, मग पुढच्या दोन गाड्यांच्या मधे. रडायला आडोसा शोधतेय, असं मी धरून चालले. बराच वेळ ती तिकडेच होती. सहाला दारं उघडली तेव्हा ती आली आणि आमच्याबरोबर आत शिरली. तिच्याकडे तिकीट नव्हतं. दारावरच्या माणसाने बर्नीपासून बोटाने मोजलं, म्हणाला, "एक, दोन, तीन, चार, बरोबर," आणि सोडलं. आम्ही बर्नी, मी आणि टेस अशा तिघी होतो. लॉइड अजून बराच मागे बुटाची नाडी बांधत होता.

शोबद्दल मी काय सांगू? पीट स्टुलावर बसला आणि पहिल्या सुराला त्याच्या पाठीचा बाक गेला. वेस दोन ठिकाणी शब्द विसरला, हजार माणसांनी ते त्याला परत दिले. एका गाण्यानंतर तो कितीतरी वेळ दम घेत उभा होता आणि कुणी हुल्लड केली नाही, सगळे थांबले, आपल्या घरातलं म्हातारं माणूस जिन्यावर थांबतं तेव्हा थांबतो तसे. लॉइड सगळा वेळ रडत होता आणि डोळ्यांत काही गेलंय म्हणत होता. या माणसांनी पन्नास वर्षं माझ्या वाईट दिवसांना सोबत केली. नवरा गेला त्या हिवाळ्यात मी रोज त्यांना ऐकून झोपले. मी त्या रात्री त्यांच्यासाठी घसा फोडून ओरडले आणि मला त्याची लाज नाही.

टेस माझ्या उजव्या हाताला होती, पण डोळा सारखा डावीकडे जात होता. बर्नी, मग ती जागा, मग मी. माणसं रेटत होती, माझ्या बरगड्या कठड्याला दाबल्या जात होत्या, आणि मी हात सोडला असता तरी त्या जागेत ढकलली गेले नसते. डाव्या बाजूला कुणी उभं असलं की ऊब लागते ना, तसं काही नव्हतं. उलट त्या बाजूचा दंड गार पडत चालला होता. नदीच्या गाण्याआधी वेस पुढे आला. त्याने त्या जागेकडे पाहिलं. मी वाट बघितली, आता दाताचं म्हणेल. तो म्हणाला नाही. त्याने ओळखीच्या माणसाला करतात तशी मान हलवली आणि गायला लागला. शेवटची ओळ खालच्या पट्टीत, हळू, पिकल्या आवाजात. मी बर्नीकडे पाहिलं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि तिचा उजवा हात कठड्यावर, त्या जागेच्या बाजूला, उताणा ठेवलेला होता.

रात्रभर मला झोप आली नाही. मला वाटत होतं, मी त्या बाईला फसवलं. अडतीस वर्षांनी ती कशीबशी दारापर्यंत आली होती आणि मी दार लावून घेतलं. आता ना दगड, ना सही, आणि पुढची रांगही नाही. रविवारी सकाळी प्रार्थनेला न जाता मी सरळ तिच्या घरी गेले.

ती स्वयंपाकघरात कांदा परतून कालच्या उरलेल्या पिरोगी लोण्यात भाजत होती. टेबलावर दगडवाल्याचा कागद पडलेला होता. मी कोटसुद्धा काढला नाही.

"बर्नी, मला तुला काही सांगायचंय."

"आधी खा."

"काल दोन नंबरला 'हजर' म्हणाले ना, ती मी होते. माझी चूक झाली. मला तुझं तोंड बघवलं नाही गं. तू मला शेवटी पाठव, वहीतून काढून टाक, काय करायचं ते कर."

"माहीत आहे तू होतीस. तुझा आवाज मला कळत नाही होय?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस? आणि नाव का नाही खोडलंस?"

"तू नंतर बोललीस," बर्नी म्हणाली.

"कुणाच्या नंतर?"

तिने गॅस बारीक केला. "माझी पाठ गाड्यांकडे होती ना? आवाज पाठीमागून आला. 'हजर' म्हणून. धापा टाकत, धावत आल्यासारखा. आणि मग समोरून तुझा."

"प्रतिध्वनी असेल, बर्नी. समोर भिंत आहे, मागे गाड्या."

"प्रतिध्वनी आधी येतो का, जोआन?"

  पिरोगी करपायला लागल्या होत्या आणि दोघींपैकी कुणी हात पुढे केला नाही.

"मग वळून का नाही पाहिलंस?" मी विचारलं. 

"घाबरले. अडतीस वर्षं वाट बघितली आणि वळायची हिंमत झाली नाही. कारण आवाज ऐकल्याबरोबर मला कळलं." तिने डोळे पुसले, कांद्याचं निमित्त केलं नाही. "ती एकसष्टची असायला हवी होती गं. तो आवाज तेवीस वर्षांचा होता. जरासुद्धा पिकलेला नव्हता."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. मृत्यूच्या सालाच्या चौकटीत कारखान्यातल्या त्या नीट अक्षरात लिहिलं होतं, १९८६. खाली सही होती. शाई पुरती वाळलेली होती, म्हणजे रात्रीच केली असणार.

तेवढ्यात मागचं दार वाजलं आणि टेस आत आली. कालचाच कोट अंगावर, डोळे सुजलेले. तिने कागद उचलला, साल वाचलं. मी मनाशी म्हटलं, आता ही विचारेल, कशावरून? आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या काय सांगणार? पण तिने विचारलं नाही. खुर्ची ओढून बसली आणि त्या आकड्यावरून बोट फिरवत राहिली.

"कालपर्यंत मला तिचा आवाज कधी आठवलाच नव्हता," टेस म्हणाली. "मावशी, आई माझ्यापेक्षा किती लहान आहे गं."